सुमीच्या बाळंतपणाआधी

लीड्स

ती. आईस,
सा. न.

सुमी पुढच्या महिन्यात माहेरी येतेय, म्हणून मुद्दाम लिहितेय. फोनवर तू "दोघं सुखरूप आहात ना, मग झालं" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच राहतं.

ईशानच्या वेळी रक्तस्राव थांबेना. एकदम खोलीभर माणसं धावत आली. काय चाललंय ते मला कुणी सांगेना. मी मरतेय असंच वाटलं. टाके भरून आले, हिमोग्लोबिन वाढलं, पण ती खोली डोक्यातून गेली नाही. मायक्रोवेव्ह वाजला तरी छातीत धडधडायचं. हॉस्पिटलवरून जाणारी बस मी सोडून द्यायचे. रात्रभर ईशानच्या नाकाशी बोट धरून बसायचे.

सगळ्यांना हे नैराश्य वाटलं. त्याच्या दहा प्रश्नांच्या कागदावर तर माझं सगळं ठीक निघालं! घरी येणाऱ्या नर्सबाईंनी मात्र "त्या दिवशी काय झालं?" असं विचारलं. याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणारा आजार; युद्धावरून परतलेल्या सैनिकांना होतो तोच. बाळंतपणानंतर शंभरात चार-पाच बायकांना होतो. २०२४ मध्ये इथल्या खासदारांच्या गटानं बाळंतपणातल्या अशा धक्क्यांची चौकशी केली, तर तेराशेवर लोकांनी हकिगती पाठवल्या. आमचं कुणी ऐकूनच घेतलं नाही, ही त्यातल्या पुष्कळजणींची तक्रार.

उपचाराला ईएमडीआर म्हणतात. समोरच्या बाईंचं हलणारं बोट डोळ्यांनी बघत तो प्रसंग आठवायचा. मला थोतांड वाटलं होतं, पण आता मायक्रोवेव्ह नुसता मायक्रोवेव्ह आहे.

सुमीबरोबर तू आत राहा. सरकारी दवाखान्यांत सोबतीच्या बाईला २०१६ पासून परवानगी आहे; खासगी असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव. जे काही कराल ते आधी तिला सांगा, असंही बजाव. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी तू करशीलच. पण बघायला आलेल्या बायका बाळ कुणावर गेलंय यावर वाद घालत असतील, तेव्हा तू तिची विचारपूस कर. बोलली तर "विसर आता" म्हणू नकोस, नाही बोलली तर खोदू नकोस. महिन्यानंतरही दचकून उठत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे ने. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही फुकट आहे.

आणि ईशानला भावंड कधी, हे आत्या पुन्हा विचारणारच. तिला तूच काय ते सांग.

बाबांना नमस्कार.

तुझी,
मनू