चौकशी होते, विचारपूस होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चौतीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी करून गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी, एका ग्रामीण रुग्णालयात गेली.

एका पावसाळ्यात पाड्यावरून झोळीत घालून आणलेली बाळंतीण माझ्या डोळ्यांदेखत गेली. रक्तस्राव थांबेना आणि जिल्ह्याला न्यायला गाडी पोहोचली नव्हती. पहाटे चारला मी नळाखाली हात धुतले, केसपेपर पूर्ण केला आणि टेबलावरचं रेक्झिन पुसून काढलं, कारण बाहेरच्या बाकावर दुसरीला कळा सुरू झाल्या होत्या. तिचं बाळंतपणही मीच केलं. मुलगी झाली. आजीने हातावर गूळ ठेवला, तो मला गिळवेना.

पुढे माता मृत्यू अन्वेषण झालं. वेळा, इंजेक्शनं, नोंदी सगळं विचारलं, आणि ते विचारायलाच हवं. पण 'सिस्टर, झोप लागते का?' एवढं कुणी विचारलं नाही. वर्षभर रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की छातीत धडधडायचं. बोलले असते तर 'हिला लेबर रूम झेपत नाही' असा शिक्का बसला असता.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून सुरू आहे. आमच्या ओपीडीत त्याचं पोस्टरही होतं. ते पेशंटसाठी, असंच आम्ही सगळ्या धरून चाललो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली, हे चांगलंच झालं. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) आणि आशाताईंचे तास मोजणार कोण?

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मानसोपचार विभागाने महिन्यातून एक दिवस समुपदेशक ग्रामीण रुग्णालयात पाठवावा, पेशंटसाठी नव्हे, कर्मचाऱ्यांसाठी. त्याच्याजवळ बोललेलं वैद्यकीय अधीक्षकांपर्यंत जाऊ नये; गोपनीयतेचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आम्हालाही दिला आहे. आणि टेबलावर मृत्यू झाला, तर त्या सिस्टरला त्याच पाळीत पुढच्या बाळंतपणाला उभं करू नये. बदली माणूस नसतो हे मला ठाऊक आहे, म्हणूनच रिक्त पदं आधी भरा.

त्या रात्री झोळीसोबत चालत आलेली आशाताई त्याच पाड्यावर राहते. रोज त्या घरावरून जाते. समुपदेशकाची पहिली फेरी तिच्याकडे व्हावी.

– एक निवृत्त परिचारिका, शहादा (जि. नंदुरबार)