पावसाळ्यानंतरची सायकल आणि भरून येणारे पाय

महोदय,
पाऊस ओसरला की छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे सायकली पुन्हा निघतात आणि दौलताबादच्या घाटात मांड्या भरून येतात. महिनाभर सायकल बंद राहिली की रक्तातील द्रव घटतो, स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमताही उतरते. निव्वळ ताकद मात्र तितकी जात नाही. म्हणूनच पहिले दहा किलोमीटर हलके वाटतात आणि फसगत होते.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे घाट नकोच. एक दिवसाआड 15-20 किलोमीटर, सपाट रस्ता, गप्पा मारता येतील एवढाच वेग. जड गिअर रेटू नये. पेडलचे मिनिटाला 80-90 फेरे बरे. सीटचा बोल्ट सैल पडून सीट खाली बसलेली असते, हे कुणी बघतच नाही! पेडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकावा. जास्त वाकला तर सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतो. ऑक्टोबरच्या उन्हात तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ. लांब जायचे तर केळी किंवा गूळ-शेंगदाणे भूक लागण्याआधीच खावेत.

दुसऱ्या दिवशीचा ठणका दोन-तीन दिवसांत जातो. एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम लागली, तर मालीश न करता डॉक्टर गाठावा.

– काही सायकलस्वार, छत्रपती संभाजीनगर