काकांना विचार, शिरोरेघ आधी मारायचे का नंतर

प्रिय ओम्या,

दोन महिने झाले तुला नीट काही कळवलंच नाही, फोनवर पण नुसतं कामात आहे कामात आहे, तर आज सबमिशन संपलंय, रूमवर कोणी नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसलोय. मुद्दा तुझ्या बाबांचा, म्हणजे आपल्या पेंटर काकांचा आहे, पण तिथपर्यंत यायला जरा वेळ लागेल.

इथल्या डिझाइनच्या कोर्सचं पहिलं असाइनमेंट काय होतं माहितीये, पांढऱ्या कागदावर एक काळा चौकोन ठेवायचा. बास. मधोमध ठेवला की गप्प बसतो, खाली सरकवला की जड वाटतो, वरच्या कोपऱ्यात तिरका ठेवला की आता पडतोय का मग पडतोय असं होतं. मी चाळीसेक कागद कापले आणि त्या आठवड्यात कळलं की रिकामी जागा ही रिकामी नसतेच, ती पण काम करत असते. मग सरांनी तेच अक्षरावर आणलं. म्हणाले, अक्षर काढू नका, अक्षराच्या आतली आणि बाजूची जागा तेवढी काळी करा. मला ब आला होता. तासभर त्या ब च्या पोटात ब्रश फिरवत होतो आणि एकदम काका आठवले रे, स्टँडजवळच्या दुकानात स्टुलावर बसून ते म्हणायचे ना, "अक्षराच्या पोटात हवा पाहिजे". आपण तेव्हा सातवीत होतो, मला वाटायचं रंग वाळायला हवा लागते असं काहीतरी म्हणतायत. आता कळलं, हवा म्हणजे आतली मोकळी जागा. मुंबईत 'एक टाइप' नावाची फॉन्ट बनवणारी मंडळी आहेत, त्यांचा मोदक नावाचा फॉन्ट आहे तो बघ एकदा, अक्षरं इतकी जाड की पोटात जेमतेम एक रेघ उरलीये आणि तरी वाचता येतं, कारण ती रेघ बरोब्बर जागी आहे.

मग आली खरी टायपोग्राफी, म्हणजे छापायच्या अक्षरांची मांडणी. शिकवतात सगळं इंग्रजी अक्षरांवरून, आणि इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं असतं, आपलं वरच्या रेघेला लटकलेलं असतं. इंग्रजी हेडिंगमध्ये अक्षरं एकमेकांपासून लांब लांब ठेवली की छान ऐटदार दिसतं, मी तेच 'कोल्हापूर' या शब्दाला केलं तर शिरोरेघेचे तुकडे तुकडे झाले, शब्द राहिलाच नाही. ओळींमधलं अंतरही तसंच. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, इंग्रजीच्या मापानं ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. आणि सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषांचं सेटिंग चालू केलं नव्हतं तर मिरजच्या म ची वेलांटी म च्या आधी यायची ती म च्या नंतर जाऊन बसली. ए वन साइजची, मोठ्या पोस्टरएवढी प्रिंट होती, पैसे गेले, आणि आपल्याच गावाचं नाव चुकीचं छापलं याचं लय वाईट वाटलं.

एक प्रोजेक्ट एसटीच्या वेळापत्रकाचं केलं. म्हातारी आज्जी लांबून बघतेय, तिला आधी काय दिसायला पाहिजे? गाव. मग वेळ. मग कुठल्या मार्गे. म्हणून गाव जाड, वेळ गावाला चिकटून, मार्ग बारीक. मुक्ता फॉन्ट वापरला, तोही 'एक टाइप'चाच, फुकट आहे आणि त्यात सात जाड्या मिळतात. दोन दिवस मी नुसती वेळ गावाच्या जवळ आणत होतो, जवळ आली की डोळा आपोआप जोडी लावतो, मधली उभी रेघ लागतच नाही, काढूनच टाकली.

शेवटचं होतं फक्त अक्षरांचं पोस्टर. मी घेतलं दर्या आणि दऱ्या. वर समुद्र, खाली डोंगरातल्या दऱ्या, फरक फक्त र चा, एकात डोक्यावर रफार, दुसऱ्यात य ला चिकटलेली ती बारीक कोयरीसारखी रेघ. हिंदी फॉन्टच्या नादात ही रेघ हरवू नये असं मला मनापासून वाटतं, तसंच हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आपले मराठी ल आणि श. याबद्दल वाचत असताना र. कृ. जोशींबद्दल कळलं, तुझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जो मंगल फॉन्ट आहे ना तो त्यांचा. कवी होते, कॅलिग्राफी करायचे, 2008 ला गेले. म्हणजे आपण रोज ज्यांचं अक्षर वाचतोय त्यांचं नाव मला विसाव्या वर्षी कळलं.

आणि म्हणूनच काका. पोस्टरच्या शेजारी मी त्यांच्या त्या पत्र्याच्या पाटीचा फोटो लावला, "पंक्चर काढून मिळेल". त्यातलं पंक्चर नीट बघ. पत्रा अरुंद, जागा संपत आलेली, तर त्यांनी क च्या पोटाखाली च बसवलाय, एकावर एक, आणि क ची शेपटी च च्या अंगावरून वळवून खाली आणलीये. दाबून बारीक केलेलं एकही अक्षर नाही त्यात. सर त्या फोटोसमोर किती वेळ उभे होते, मग विचारलं हे कोणी केलं, मी म्हणालो माझ्या मित्राच्या वडिलांनी.

फ्लेक्स आल्यापासून काका टेम्पोच्या नावांपुरतेच ब्रश हातात घेतात असं तू म्हणालास, तेव्हापासून डोक्यात आहे. दिवाळीला येतोय. त्यांच्याकडून अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं आणि जमतील तेवढी जोडाक्षरं ब्राऊन पेपरवर काढून घ्यायचीत, मी स्कॅन करून फॉन्ट करायला घेईन, वर्ष लागलं तरी चालेल, नाव त्यांचंच राहील. तू फक्त त्यांना विचार, तयार आहेत का. मला आठवतंय की खडूचा दोरा ताणून टचकन सोडायचे, मग अक्षरं, आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी एका दमात. पण आमच्या वर्गात सगळे म्हणतात पेंटर रेघ आधी मारतात. विचार आणि लगेच कळव. आणि जुने ब्रश कुणाला देऊ नका म्हणावं.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अथर्व