भेट ठरली होती, पण झाली का?

महोदय,

मी भुसावळ-यावल भागात घरी जाऊन फिजिओथेरपी देते. पेशंट बहुतेक वयस्कर, कुणाला लकवा, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. सगळ्यांच्या वेळा फोनमधल्या कॅलेंडरात असतात. शिकवणीवाले, आरओ दुरुस्त करणारे, विमा एजंट यांचंही आता तसंच चालतं. पण हे कॅलेंडर पुढची आठवण चोख देतं. भेट झाली की नाही, हे त्याला माहीतच नसतं. वेळ टळली की नोंद आपोआप फिकी होते. मी तासभर व्यायाम करून घेतला तरी फिकी, आणि दाराला कुलूप पाहून परतले तरी तेवढीच फिकी.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लेकी माहेरी येतात, घरात पुरणपोळ्या, आमरस. “ताई, आज राहू द्या,” असा फोन येतो. उन्हाचा पारा ४५ च्या घरात गेला की दुपारच्या सिटिंगही पुढे जातात. मग महिनाअखेरीला घरचे विचारतात, किती सिटिंग झाल्या? पैशांचं समजुतीने मिटतं. ऑपरेशन करणारे डॉक्टर तेच विचारतात, तेव्हा अंदाजपंचे सांगून कसं चालेल? गुडघा ९० अंशांपर्यंतही वाकत नसेल, तर व्यायाम कमी पडला की दुखणं दुसरंच आहे, हे बघताना तो आकडा लागतो.

घराघरांत भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाचे खाडे मांडतात, तसं न झालेल्या भेटी काढून टाका, असं काही जण सुचवतात. पण एखादी काढायची राहिली, की ती झालेल्यांत जमा होते. शिवाय का झाली नाही, हेही पुसलं जातं.

पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याने याचं मूळ दाखवलं. कॅलेंडरांच्या आपसातल्या देवाणघेवाणीसाठी ‘आयकॅलेंडर’ नावाचं प्रमाण, म्हणजे सगळ्यांसाठी ठरलेला नमुना आहे, १९९८ चा, २००९ मध्ये सुधारलेला. त्यात भेटीच्या अवस्था तीनच: कच्ची, नक्की, रद्द. ‘पूर्ण’ ही अवस्था आहे, पण ती करायच्या कामांना. म्हणून गॅस बुक करण्याच्या कामावर टिक करता येते, पेशंटच्या भेटीवर नाही.

हे बदलत नाही तोवर मी पेशंटच्या दारातून निघतानाच नोंद उघडते, नावापुढे ‘झाली’ लिहिते आणि रंग हिरवा करते. खाली एक ओळ: ‘८५ अंश, सूज कमी’. न झालेली लाल, कारणासह. रोजची नोंद असेल तर बदल ‘फक्त याच दिवसासाठी’ निवडायचा. नाहीतर पुढच्या सगळ्या तारखांना ‘झाली’ लागतं. पेशंटचं नाव आणि ‘झाली’ असं शोधलं की यादी समोर येते.

पण हे ज्याचं त्याने लावलेलं ठिगळ आहे. कॅलेंडर बनवणाऱ्यांनी भेटीलाही ‘झाली’ आणि ‘झाली नाही’ अशी दोन बटणं द्यावीत, तीही मराठीत. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

– एक फिजिओथेरपिस्ट, भुसावळ