माजघराचे छायाचित्र आणि परवडणारी रुंद लेन्स

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात जुन्या वाड्यांविषयी मजकूर आला की मी आधी छायाचित्रे पाहते आणि मग लेख वाचते. अनेक वर्षे पाहत आल्यावर एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. छायाचित्रांत दिंडीदरवाजा असतो, कोरीव खांब असतात, पोपडे सुटलेली दर्शनी भिंत असते. पण माणसे जिथे जेवली, निजली, बाळंत झाली आणि वारली ते माजघर, देवघर आणि अंधारा जिना मात्र जवळजवळ कधीच नसतात. यात छायाचित्रकारांची अनास्था आहे असे मी म्हणणार नाही. कारण अगदी साधे आहे आणि ते मी स्वतः अनुभवले आहे: आत मागे सरकायला जागाच नसते.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत माझे आजोळ होते. मामांनी घर विकल्यावर ताबा देण्याच्या दोन दिवस आधी मी कॅमेरा घेऊन तिथे गेले. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ मिमीची किट लेन्स तेवढी माझ्याकडे होती. (मिमीचा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ; तो जितका लहान तितकी चौकट रुंद.) माजघर अकरा फूट रुंद आणि सोळा फूट लांब, मधोमध पितळी कड्यांचा झोपाळा, एका बाजूला फडताळ आणि दुसऱ्या बाजूला चुलीकडे जाणारे बुटके दार. मी पाठ भिंतीला टेकवून, कोपऱ्यात अंग चोरून, दारात बसून चौसष्ट छायाचित्रे काढली. घरी येऊन पाहिले तर एकात झोपाळ्याची अर्धी फळी, दुसऱ्यात फडताळाचे एक दार, तिसऱ्यात नुसती खुंटी. त्या चौसष्ट तुकड्यांतून माजघर काही उभे राहत नाही, आणि आता ते घरही उभे नाही.

आयुष्यभर मी इमारतींच्या नकाशांचे आरेखन केले, म्हणून त्या रात्री कागद घेऊन हिशेब मांडला. ज्याला एपीएस-सी म्हणतात तसा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, माझ्या कॅमेऱ्यात आहे आणि त्याची रुंदी साधारण २२.३ मिमी भरते. समोरची भिंत लेन्सपासून नऊ फुटांवर असेल तर १८ मिमीवर त्या भिंतीचा अकरा फूट रुंद आणि साडेसात फूट उंच एवढाच भाग चौकटीत येतो. सोळा फुटांच्या भिंतीचे पाच फूट त्यामुळे बाहेरच राहतात, आणि जमीन व कडीपाट एकाच चित्रात येण्याची तर सोयच नाही. त्याच जागी १० मिमीची लेन्स लावली तर वीस फूट रुंदी आणि तेरा फुटांहून अधिक उंची चौकटीत मावते, म्हणजे भिंत पूर्ण येते, दोन्ही कोपरे येतात आणि बाजूच्या भिंतींचाही काही भाग येतो. १८ आणि १० या आकड्यांत दिसायला आठच मिलिमीटरचा फरक आहे. पण खोलीत उभे राहिल्यावर तो तुकडा आणि खोली यांच्यातला फरक ठरतो.

अशा लेन्सना अल्ट्रावाइड म्हणतात, आणि त्या फार महाग असतात असा समज अजूनही टिकून आहे. पूर्वी तो बऱ्याच अंशी खराही होता. कॅननची १०-२२ मिमी लेन्स २००४ सालची, चांगली पण हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची. २०१४ साली त्याच कंपनीने १०-१८ मिमी लेन्स २९९ डॉलरना आणली, तेव्हा जुनीची किंमत तिच्या दुपटीहून अधिक होती. निकॉननेही २०१७ साली १०-२० मिमीची तशीच स्वस्त आणि हलकी लेन्स काढली. (निकॉनवाल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ही लेन्स त्या कंपनीच्या काही जुन्या कॅमेऱ्यांवर फोकस करत नाही, घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्यावर लावून पाहावी.) या लेन्स स्वस्त का, हेही समजून घेतले पाहिजे. त्यांचे अंग प्लास्टिकचे आहे. कॅननच्या लेन्सचे कॅमेऱ्यात बसणारे कडेही प्लास्टिकचेच आहे. वजन जेमतेम २४० ग्रॅम. शिवाय अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारे भोक) फार मोठे उघडत नाही, जास्तीत जास्त एफ ४.५ (एफचा आकडा जितका लहान तितके भोक मोठे). लग्नाच्या मांडवात धावपळ करणाऱ्याला ही उणीव जाचेल. पण माजघर कुठे पळून जात नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ ८ आणि चित्र टिपायला दोन-तीन सेकंदांचा अवधी दिला की मंद उजेडातही भिंतीवरचा काजळीचा थर आणि कडीपाटाच्या लाकडातले रेघारेघांचे दाणे स्वच्छ उतरतात. तेव्हा या कामापुरते स्वस्त लेन्समध्ये कमी पडेल असे मला काही आढळले नाही.

मोबाइलमध्येही आता अशी लेन्स असते, हे मला ठाऊक आहे. उजेड भरपूर असेल तर तिने काम भागते, आणि हाताशी दुसरे काहीच नसेल तर तिनेच काढावे. परंतु त्या लेन्समागचा सेन्सर अगदी छोटा असल्यामुळे माजघराच्या अंधारात भिंती लोकरीसारख्या पुसट होतात. अनेक छायाचित्रे जोडून एक करण्याचा मार्गही मी करून पाहिला. जवळच्या वस्तूंपाशी सांधा जुळेना, झोपाळ्याची कडी मधेच तुटून दोन बोटे बाजूला सरकली.

माझी पहिली रुंद लेन्स जुन्या बाजारातून आली आणि त्यात मी फसले. दुकानदाराने ‘नव्यासारखी’ म्हणून दिली. घरी आल्यावर मागून विजेरीचा झोत टाकला तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसले. पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून सांगावेसे वाटते की जुनी लेन्स घ्यायला हरकत नाही, मीही पुढे जुनीच घेतली, पण विजेरी खिशात घालून जावे, लेन्स दोन्ही बाजूंनी उजेडावर धरून पाहावी आणि समाधान झाल्याशिवाय पैसे काढू नयेत. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर घरातली चांगली लेन्सही बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

दुसरी लेन्स घेऊन मी रावपुऱ्यातल्या आत्याच्या घरी गेले. ते घरही आता विकले जायचे होते. या वेळी घाई केली नाही. तीन दिवस गेले आणि छायाचित्रे झाली एकोणीस. या लेन्सचा एक धर्म असा की कॅमेरा जरासा वर किंवा खाली झुकला तरी भिंती एकमेकींवर कोसळू लागतात, खांब तिरपे होतात आणि खोली पत्त्यांच्या बंगल्यासारखी दिसते. त्यामुळे कॅमेरा पाणसळीत हवा. खोलीची उंची साडेनऊ फूट असेल तर कॅमेरा त्याच्या निम्म्यावर, म्हणजे पावणेपाच फुटांवर ठेवावा. मग झुकवावे लागतच नाही आणि जमीन व छत दोन्ही आपसूक चौकटीत येतात. १० मिमीवर एफ ८ ठेवून दोन-सव्वादोन फुटांवर फोकस केला तर हातभर अंतरापासून समोरच्या भिंतीपर्यंत सगळे स्पष्ट येते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरू नये, कारण तो एवढ्या रुंद चौकटीला पुरत नाही आणि लेन्सचीच सावली खाली पडते. खिडकीचा पांढरा झोत आणि आतला काळोख यांचा मेळ दुपारी बसत नाही. दिवेलागणीच्या सुमारास, बाहेरचा उजेड ओसरत असताना, पंधरा-वीस मिनिटे अशी मिळतात की खिडकीतली तुळसही दिसते आणि देवघराचा कोनाडाही.

या लेन्सविषयी लिहिणारे बहुतेक जण ‘सगळे एका चित्रात मावते’ एवढेच सांगतात. मला मात्र तिचा खरा गुण जवळ जाण्यात वाटतो. माझी लेन्स २२ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे वितीएवढ्या अंतरापर्यंत फोकस करते. आत्याच्या झोपाळ्याच्या कडीपासून दीड वितीवर मी कॅमेरा नेला. पितळेच्या त्या दुव्यात मोर होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी त्याचा तुरा गुळगुळीत झाला होता, चोच मात्र अजून टोकदार होती, आणि दुवा जिथे दुव्यात अडकतो तिथे पितळ झिजून निम्म्यावर आले होते. हे सगळे चित्राच्या एका बाजूला मोठे दिसते, आणि मागे पूर्ण माजघर, फडताळ, उतरंडीची रिकामी जागा, चौकातून येणारा उजेड आपापल्या ठिकाणी आहे. ती झीज आणि ती खोली एका नजरेत पाहता येणे, हे दुसऱ्या कुठल्याही लेन्सने मला साधले नव्हते.

चित्रे छापून आणली तेव्हा आत्याने मधला झोपाळा पाहिलाच नाही. तिचे बोट थेट डाव्या कडेला गेले. “अगं, हा कोनाडा बघ. इथे सासूबाई विरजण लावायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं काम तेच हाती आलं.” किट लेन्सने नेमकी तीच कड कापली असती.

याच लेन्सने खोटेही बोलता येते, हे लपवून चालणार नाही. दहा बाय बाराची खोली ती दिवाणखान्यासारखी दाखवते. घरे विकणाऱ्यांच्या जाहिरातींत हे आपण रोज पाहतो. कडेला बसलेली माणसे रुंद होतात, गोल भांडे अंडाकृती होते. आठवण म्हणून काढलेल्या चित्रात असे घडले तर पुढच्या पिढीला आपण चुकीचे घर दाखवू. म्हणून मी प्रत्येक खोलीत समोरच्या भिंतीला टेकवून एक मीटरची पट्टी ठेवते, माणूस असेल तर त्याला मध्याजवळ बसवते, आणि चित्रामागे खोलीची लांबी, रुंदी, उंची, दिशा आणि तारीख लिहिते. कॅमेऱ्याबरोबर टेप नेलीच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.

बडोद्यात याचा धडा घ्यायला एक उत्तम जागा आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बडोदे संस्थानचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा. लाकडी बांधणीचा, चार मजली, आणि आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली असलेला. तिथल्या भिंतिचित्रांत कृष्णलीला आहेत, महाभारत आहे, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया आहेत. ही चित्रे सुटी सुटी, सपाट, पुस्तकात छापलेली पाहिली की काय रंगवले ते कळते. पण ती राहत्या घराच्या बेताच्या आकाराच्या खोलीत आहेत, बसलेल्या माणसाच्या चहूबाजूंनी आहेत, हे समजायला खोलीसकट चित्र दिसावे लागते, आणि ते रुंद लेन्सच दाखवू शकते. उलट कीर्तिमंदिरातली, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकातली, चित्रकार नंदलाल बोस यांची भिंतिचित्रे उंचावर आहेत. त्यांची नक्कल उतरवायला ही लेन्स वर रोखली तर ती वाकडी होतात. तिथे लांबून, मोठ्या फोकल लेंग्थनेच काम करावे. अशा वास्तूंत ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी घ्यावी आणि चित्रांवर फ्लॅश कधीही मारू नये.

संरक्षित वास्तूंची काळजी वाहायला कोणीतरी आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या साध्या मराठी घरांची मात्र माझ्या माहितीत कोणत्याही यादीत नोंद नाही. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली, वाटण्या झाल्या, जिने म्हाताऱ्या पायांना झेपेनात. घरे विकण्यामागची ही कारणे खरी आहेत आणि विकणाऱ्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. माझे सांगणे एवढेच की साठेखत झाल्यापासून ताबा देईपर्यंत जे काही आठवडे हाती असतात, त्यांतले दोन दिवस आतल्या खोल्यांसाठी काढावेत. लेन्स विकत घेणे जमत नसेल तर शहरात भाड्यानेही मिळते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतली तर आणखी सोपे.

आपणास विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेल्या अशा आतल्या खोल्यांच्या छायाचित्रांना महिन्यातून एकदा जागा द्यावी, सोबत खोलीची मापे छापावीत, आणि मुख्य म्हणजे मजकुरासाठी जागा करताना चित्राच्या कडा कापू नयेत. सुरुवातीसाठी आत्याच्या माजघराचे चित्र या पत्राबरोबर पाठवत आहे. खोली पंधरा फूट बाय साडेदहा फूट, उंची साडेनऊ फूट, तोंड पूर्वेकडे. विरजणाचा कोनाडा अगदी डाव्या कडेला आहे.

आपली नम्र,
एक वाचक, बडोदे