नुसता रंग काढला की ब्लॅक अँड व्हाईट होत नाही

संपादक महोदय,

आजकाल एडिट करताना काही सुचलं नाही की लोक फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाईट करून टाकतात, रंग विचित्र आले करा ब्लॅक अँड व्हाईट, विषय दुःखाचा असेल तर मग विचारूच नका. मला हे अजिबात पटत नाही. १९८४ ला भोपाळच्या वायुगळतीनंतर पुरल्या जाणाऱ्या त्याच एका बाळाचा चेहरा रघु राय यांनी ब्लॅक अँड व्हाईटमध्ये टिपला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत, आणि वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार रंगीतला मिळाला. दोन्ही बघवत नाहीत, म्हणजे दुःख दाखवायला रंग काढावाच लागतो असं नाही.

त्यामुळे आधी एवढंच बघावं की त्या फोटोत रंग काही सांगतोय का. संध्याकाळच्या आकाशातला रंग काढला तर उरतं काय? पण सुरकुत्यांवर बाजूने पडलेलं ऊन असेल, आणि मागे कुणाचा तरी भडक निळा ड्रम नजर खेचत असेल, तर खुशाल काढा.

फक्त सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, शून्यावर नेऊन थांबू नका. रंगाचा करडा करायचा जो नेहमीचा हिशोब आहे त्यात हिरव्याला साधारण ५९ टक्के वजन, लालला ३० आणि निळ्याला ११, म्हणजे गडद हिरव्या पानांतलं लाल फूल आणि पानं जवळपास एकाच करड्यात जातात आणि फूल गायब! म्हणून एडिटिंगच्या ब्लॅक अँड व्हाईट मिक्समध्ये (कुठला रंग करड्यात किती उजळ यावा ते ठरवणारे स्लायडर) प्रत्येक रंग वेगळा वरखाली करावा लागतो, लाल वर हिरवा खाली, की फूल उठून दिसतं. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सने १९२७ मध्ये हाफ डोम या कड्याचा फोटो काढताना निळा प्रकाश अडवणारा लाल फिल्टर लावून आकाश काळंभोर केलं, तेच आपण निळा खाली ओढून करतो, पण फार ओढला की आकाशात दाणे आणि डाग दिसायला लागतात. आणि फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याची रंगांसकट कच्ची फाईल) काढा, कॅमेऱ्यातच मोनोक्रोम जेपेग केलं तर रंग परत मिळत नाही.

आता तुम्हाला विनंती. आतल्या बिनरंगी पानांवर मॅचचे फोटो येतात त्यात लाल आणि हिरव्या जर्सीवाले खेळाडू एकाच टीमचे वाटतात, वर न्यूजप्रिंटवर शाई पसरते आणि गडद भाग अजूनच भरून जातो. कुणीतरी फोटो डोळ्यांनी बघून मिक्स करा, थोडा उजळ ठेवा. वाचकांचे फोटो त्या पानांवर घेणार असाल तर ब्लॅक अँड व्हाईट कॉपी त्यांच्याकडूनच मागवा, ते आनंदाने करून देतील.

आपला एक नियमित वाचक