दोन पेरांचा हिशेब

भोसरी,
गुरुवार, 13 फेब्रुवारी 2025

प्रिय संज्या,

दोन वर्षं तुला पत्र नाही, फोन नाही. तू केलेले फोनही उचलले नाहीत, कबूल. आज सुट्टी आहे, घरातले सगळे झोपलेत, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात माझा हात कारखान्यातल्या पॉवर प्रेसमध्ये गेला. आपल्याच शंभर टनीत. उजवी तर्जनी, दोन पेरं. जखम भरली, तब्येत ठीक. थंडीत ठणकतं, ते तुला काय सांगू.

खरी गोष्ट परवाची. मंगळवारी विमा कंपनीचा माणूस घरी आला. माझा पगार 21 हजारांच्या वर, म्हणून ईएसआयचा सरकारी विमा नाही. मालकाने काढलेली पॉलिसी आहे, त्यामुळे सगळं यांच्या हातात. तीन महिने पगाराच्या स्लिपा, हजेरी, एक्स-रे, दाखला, मग शिक्का पुसट आलाय म्हणून तोच दाखला पुन्हा. मी सगळं दिलं. परवा मात्र तो माझा जबाबच टाइप करून घेऊन आला. दीड पान. मधेच एक ओळ: ‘प्रेसचा सुरक्षा सेन्सर मी स्वतः, कोणाच्याही सांगण्याशिवाय बंद केला होता.’ मी वाचत होतो तोवर त्याने पेनाचं टोपण काढलं, माझ्या बोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, “अंगठा दिलात तरी चालेल.”

संज्या, आयटीआयला सरांनी माझं ड्रॉइंग भिंतीवर लावलं होतं रे. रात्रभर तेच डोक्यात होतं.

युनियनच्या वकिलांना विचारलं, ती ओळ त्यांना कशाला हवी? ते म्हणाले, 1923 च्या कायद्यात कामगाराचं नुसतं दुर्लक्ष झालं तर भरपाई बुडत नाही. पण सुरक्षेचं साधन त्याने जाणूनबुजून काढलं असं ठरलं, तर अशा दुखापतीला काहीच मिळत नाही. त्या एका ओळीसाठी दीड पान.

हिशेबही त्यांनीच मांडून दिला. तर्जनीची दोन पेरं म्हणजे कमाईची ताकद 11 टक्के गेली, तसं तक्त्यात छापलंय. पगार 26 हजार, पण कायद्याने मोजायचे 15 हजारच. त्याचे 60 टक्के, गुणिले वय चाळीसचा तक्त्यातला आकडा 184.17, त्याचे 11 टक्के. 1,82,328 रुपये. महिन्याभरात द्यायला हवे होते, पुढे 12 टक्के व्याज. मालक म्हणतो, सही करून टाक, मी खिशातून पन्नास हजार देतो.

2016 साली त्याने तुला पंचवीस दिले होते.

तू तर ईएसआयमध्ये होतास. अपघाताचा अहवाल गेला असता तर घरी बसून पगाराचे 90 टक्के, आणि मेडिकल बोर्डाने टक्के ठरवल्यावर जन्मभर महिन्याला पैसे. मालकाने तुला खाजगी दवाखान्यात नेलं, आणि मी, मीच तुला म्हणालो, ‘घरी लागलं म्हणून सांग, कशाला वाकडं घेतोस.’ तू कॅन्टीनमध्ये भरलं ताट सरकवून उठलास. वरण सांडलं होतं टेबलावर. तू बरोबर होतास. हे आठ वर्षांत कधी बोललो नाही.

तेव्हाही सेन्सर बंदच होता. किरणात हात आला की रॅम थांबतो, टार्गेट होत नाही, म्हणून बायपास. चावी सुपरवायझरच्या खिशात. त्याच प्रेसवर आता एकोणीस वर्षांचा पोरगा बसवलाय, बिहारचा. मी सध्या स्टोअरमध्ये हलक्या कामावर आहे, खिडकीतून तो दिसतो. सेन्सर अजून बंद आहे. मी सही केली की त्यांच्या कागदावर दोष माझा ठरला, मग सेन्सर चालू करायला कोण येतंय? त्या पोराचा हात डायखाली गेला की माझ्या पोटात गोळा येतो.

मी सही केली नाही. लेबर कोर्टात अर्ज टाकतोय.

आणि हो, कॅरम. आता जिंकीन म्हणून उड्या मारू नकोस, लेकीने मला मधल्या बोटाने स्ट्रायकर मारायला शिकवलंय. राणी घेते ती, तुझ्यासारखी नुसती भोवती फिरत नाही.

दुकान कसं चाललंय? वहिनींचा गुडघा? आक्काला नमस्कार सांग. पोराचं दहावीचं वर्ष ना, त्याला त्रास देऊ नकोस.

संज्या, तुला अपघात झाला त्याच्या आदल्या आठवड्यात तू शिफ्टच्या वहीत लिहिलं होतंस, ‘सेन्सर चालत नाही, दुरुस्त करावा.’ मी पाहिलंय ते, तुझ्या तिरक्या अक्षरात. वही ते दाखवणार नाहीत. पण लिहिणारा आहे. मला मागायचा हक्क नाही, तरी मागतो. साक्षीला येशील का? तारीख लागली की कळवतो. नाही म्हणालास तरी चालेल, पण फोन कर. या वेळी उचलीन.

तुझा,
दिल्या